चार जणांचं रेकॉर्ड मंडळ, कारंजा

राजेहो, जुन्या रेकॉर्डी जमवायला निघालेल्या माणसाकडे रेकॉर्डी कमी आणि किस्सेच जास्त जमतात, हे मला कोणी आधी सांगायला पाहिजे होतं. मी गुमान झेरॉक्सच्या धंद्यात मन रमवलं असतं. रेकॉर्ड एक तर भेटत नाही. भेटली तर वाजत नाही. वाजायला लागली की नेमकी लाईट जाते! किस्सा मात्र दर रविवारी घरपोच येतो, त्याला ना सुई लागते ना प्लेअर.

आधी मंडळ सांगतो. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या सिनेमांचं संगीत आणि रेकॉर्डी जमवण्याचा छंद यावर पॉडकास्ट करतात. त्याचे चाहते म्हणे परदेशातही आहेत. कारंजा लाडमध्ये आम्ही चार आहोत. मी. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या सुधाताई. गावाबाहेर पालक-मेथी लावणारा प्रमोद, ज्याच्याकडे आमचा एकमेव रेकॉर्ड प्लेअर आहे. आणि बायपासवर डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवून थकलेले बबनकाका. दर रविवारी सकाळी माझ्या दुकानात प्रमोदच्या ब्लूटूथ स्पीकरवर आम्ही नवा भाग ऐकतो आणि मग त्यावर भांडतो.

*

पहिल्याच रविवारची गोष्ट. निवेदक म्हणाले, "शांत खोलीत बसा, डोळे मिटा आणि फक्त व्हायोलिन ऐका." आम्ही डोळे मिटले. बाहेर सोयाबीनचा ट्रॅक्टर अडकला होता, त्याचा ड्रायव्हर आणि एक भाजीवाली एकमेकांचं खानदान काढत होते. तरी आम्ही डोळे मिटून बसलो.

डोळे उघडून पाहतो तर दारात एक अनोळखी माणूस उभा. पांढरा शर्ट, हातात पिशवी, मान खाली. पूर्ण पाऊण तास तो हलला नाही. सुधाताईंनी मला कोपरानं ढोसलं, "अहो, पाचवा मेंबर!" मला तर भरून आलं. या गावात आपल्यासारखं आणखी कोणी आहे म्हणजे!

भाग संपला. मी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "कसं वाटलं दादा?"

तो म्हणाला, "काय वाटते बावा! आधारच्या दोन झेरॉक्स पाह्यजे होत्या. तुमी सारे डोये मिटून बसले होते, मले वाटलं कोनी वारलं."

*

प्रमोदनं भंगारवाल्याकडून बारा रेकॉर्डी आणल्या. जुन्या, जाडजूड, एकदम कडक माल. त्या रविवारी त्यानं मोठ्या थाटात आम्हाला शेतावरच्या घरी बोलावलं. मोजल्या तर नऊच!

घरभर शोध सुरू झाला. पलंगाखाली, कपाटावर, पोत्यांमागे. शेवटी प्रमोदला तहान लागली म्हणून तो पाण्याकडे गेला आणि तिथेच डोक्याला हात लावून खाली बसला. तिन्ही माठांवर एकेक रेकॉर्ड झाकण म्हणून ठेवलेली होती. बरोबर बसली होती हो, मापात!

प्रमोद ओरडला, "माय, हे काय केलं व तू?"

माय निवांत पालकाच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "झाकनं बेस आनले रे तू. पन मधात भोक असलेले कायले आनले? मुंग्या जाऊन राह्यल्या ना."

*

आता बबनकाकांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बाकी आम्ही तिघं हौशी. काकांचं तसं नाही.

काकांचे वडील कारंजाच्या बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. अकोल्याच्या एका लग्नात मुंबईच्या कोणी त्यांना ऐकलं आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नेलं. एक गाणं, त्यात एक तुकडा. परत आले ते ताप घेऊनच, आणि गेले. काका तेव्हा दीड वर्षाचे. घरात वडिलांचा फोटो नाही, कारण बँडच्या ग्रुप फोटोत ते नेमके दुसऱ्याच्या मोठ्या पितळी भोंग्यामागे झाकले गेलेत. सिनेमा आठवडाभर चालला आणि बुडाला. नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. कुठे ऑनलाइन नाही, कुठे कॅसेट नाही. चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड तेवढी निघाली होती.

काकांच्या आईनं ती एकदाच, एका शेठजींच्या घरी ऐकली. मरेपर्यंत सांगायची, "ते बाई गाता गाता थांबते ना बबन, तवा तुहा बाप वाजवते."

काका तीस वर्षं ती रेकॉर्ड शोधताहेत. मी एकदा मूर्खासारखं विचारलं, "काका, एवढासा तुकडा असेल, पंधरा-वीस सेकंद. त्यासाठी एवढं काहून?"

काका म्हणाले, "तुहा बाप तुह्याशी किती वर्सं बोलला?"

"पंचवीस वर्षं तरी."

"मंग? मले ईस सेकंद बी नाही का?"



*

निवेदकांनी एका भागात सांगितलं की रेकॉर्ड साबणाच्या पाण्यात हळुवार धुवावी. सुधाताई ऐकतात कमी आणि करतात जास्त. त्यांच्याकडे भावाकडून आलेला रेकॉर्डींचा गठ्ठा होता, कव्हरं कधीच वाळवीनं खाल्लेली. साबण कशाला, आपल्याकडे रिठा आहे की, असं म्हणून बाईंनी अख्खा गठ्ठा रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकला! सकाळी रेकॉर्डी आरशासारख्या चकचकीत. आणि सगळी लेबलं बादलीत, लगदा होऊन.

आता कोणती कशाची, ब्रह्मदेवालाही माहीत नाही. ताई रडायच्या बाकी होत्या. पण काकांचे डोळे चमकले. "मंग यातच असन," म्हणाले. "वाजवून पाह्यल्याशिवाय कसं समजन?"

तीन रविवार, राजेहो! एकेक रेकॉर्ड, दोन्ही बाजू, पूर्ण. काका प्लेअरला कान लावून बसायचे. बाई गायला लागली की श्वास रोखायचे. बाई थांबायची, मग सतार यायची. बासरी यायची. एकदा तर घोडा खिंकाळला. दर वेळी काका म्हणायचे, "हे नोहे. लाव दुसरी."

शेवटची रेकॉर्ड उरली. प्रमोदनं सुई ठेवण्याआधी हात जोडले. खरखर झाली आणि एक भारदस्त आवाज आला, "बंधू-भगिनींनो, लहान कुटुंब, सुखी कुटुंब!"

पाच लेकरांचे बाप असलेल्या काकांनी प्लेअरवरचा कान काढला. मग म्हणाले, "चाळीस वर्सं उशिरा भेटली ही. बंद कर."

*

मग मीच म्हटलं, पॉडकास्टवाल्यांनाच विचारू. काकांचा व्हॉइस मेसेज पाठवायचं ठरलं. काकांना कमी बोलता येत नाही, मेसेज झाला अकरा मिनिटांचा. वडील, बँड, अकोल्याचं लग्न, आई, शेठजी, सगळं. शेवटी म्हणाले, "सायेब, कोनापाशी असन तं मले फकस्त आयकवा. मी वापस करीन." सुधाताईंनी पदर डोळ्याला लावला.

आणि दोन आठवड्यांनी मेसेज चक्क भागात वाजला! मी पेढे आणले. निवेदक म्हणाले, "वाशिम जिल्ह्यातून एका श्रोत्यानं हे पाठवलंय. जरा मागचा आवाज ऐका!" मागे बायपासवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला होता, तो प्रेशर हॉर्न, तीन सुरांचा. निवेदक त्यावर इतके खूश झाले की काय सांगू! पार्श्वसंगीत म्हणजे हेच, रस्त्याचा हा सूर आपल्या सिनेमानं पकडलाच नाही, वगैरे वगैरे. हॉर्न त्यांनी परत परत वाजवून दाखवला. मग जाहिरात आली आणि भाग संपला. रेकॉर्डीचं नावही नाही!

पेढ्याचा बॉक्स तसाच उघडा. कोणी हात लावेना.

काका म्हणाले, "मी बापाचं इचारलं. त्यानं हॉर्न पास केला."

*

कुरियरचा किस्सा छोटाच आहे, पण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. प्रमोदनं इंदूरहून एक मोठी रेकॉर्ड मागवली. पाकिटावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, मोडू नका. आली तेव्हा तिचे दोन तुकडे. प्रमोद कुरियरवाल्यावर धावून गेला. तो बिचारा खरंच गोंधळला. म्हणाला, "भाऊ, बॅगेत बसून नोती राह्यली. म्हनून जराशीच दुमडली."

काकांनी ते दोन तुकडे हातात घेतले आणि जाहीर केलं, "माही रेकॉर्ड जवा कवा भेटन ना, तवा मी कुरियरवर भरोसा ठेवनार नाही. आपला मानूस पाठवीन."

*

आणि ती भेटली! हो, भेटली.

निवेदकांना हॉर्न ऐकू आला, पण नागपूरच्या एका आजींना काका ऐकू आले. त्यांनी पॉडकास्टवाल्यांकडून नंबर काढून फोन केला. यजमानांच्या संग्रहात ही रेकॉर्ड आहे, प्लेअर कधीच विकला, त्यामुळे वाजवून दाखवू शकत नाही, पण तुम्ही घेऊन जा. पैसे? पैशाचं नाव काढलं तर फोन ठेवीन म्हणाल्या. फोटो पाठवला. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत वादकांची नावं होती, आणि त्यात काकांच्या वडिलांचं नाव होतं. काकांनी तो फोटो मोठा करून करून फोनची काच झिजवली.

मे महिना होता. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मी म्हटलं, मी जातो. प्रमोद म्हणाला, मी जातो. काका ऐकतील तर शपथ! "गजानन हाये ना," म्हणाले. "त्याची गाडी रोज नागपूरले जाते. माह्या घरचा मानूस हाये तो."

गजाननची गाडी म्हणजे जुनी खासगी बस. वीस वर्षं तिचं इंजिन काकांनीच जिवंत ठेवलं होतं. आमच्याकडे डबा असो, औषध असो, सोयरिकीची पत्रिका असो, ड्रायव्हरच्या हाती दिली की पोचलीच समजा. काकांनी माझ्यासमोर फोन केला. "गजानन, डिक्कीत टाकू नको. कंडक्टरपाशी देऊ नको. तुह्यापाशीच ठेव, डोयासमोर. जीव हाये माहा त्याच्यात."

दुपारी तीनला आम्ही चौघं स्टँडबाहेर उभे. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा. प्रमोदनं प्लेअर माझ्या दुकानात लावून, सुई पुसून, तयार ठेवला होता. सुधाताईंनी तर बॅटरीचीही सोय केली होती, लाईट गेली तर म्हणून. काका दर दोन मिनिटांनी सांगत होते, "बाई थांबते तवा आवाज वाढवजो हं."

गाडी आली. गजानन उतरला तो पार्सल दोन्ही हातांवर घेऊन, प्रसादाचं ताट धरावं तसा. घामानं निथळत होता, पण चेहरा असा खुललेला!

"काका, नागपूरपासून कोनाले बोट लावू नाही देल्लं! माह्या बाजूले बोनेटवरच ठेवलं. हालू नये म्हनून वरून पान्याची कॅन ठेवली. मूर्तिजापूरले एक बाई बोनेटवर बसाले आली, तिले बी उठवलं. म्हनलं, इथं आमच्या काकाचा जीव हाये."

काकांनी पार्सलला हात लावला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आयुष्यभर गाड्यांचं इंजिन उघडलेला माणूस. मे महिन्यात पाच तास पळालेल्या जुन्या गाडीचं, ड्रायव्हरशेजारी इंजिनावर असलेलं बोनेट किती तापतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

उघडलं त्यांनीच. आत रेकॉर्डीची खोलगट बशी झाली होती. बोनेटचा जसा उंचवटा, तश्शी. प्रमोदनं एका नजरेत पाहिलं आणि माझ्या कानात पुटपुटला, "गेली. आता सुई टिकतच नाही हिच्यावर." सुधाताई रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या गजाननला दोन शिव्या घालाव्यात म्हणून मी तोंड उघडलं. काकांनी मागे न बघता माझा दंड धरला, घट्ट.

गजाननला काय माहीत! त्यानं जन्मात रेकॉर्ड पाहिली नव्हती. कौतुकानं वाकून म्हणाला, "मले वाटलं काचेचं असन, म्हनून भेव वाटे. हे तं मजबूत हाये! बराबर आली ना, काका?"

"एक नंबर," काका म्हणाले. "लय जपून आनली रे बाप्पा."

त्यांनी ती बशी कव्हरात बसते का पाहिलं. बसली नाही. मग कव्हर शर्टाच्या आत ठेवलं, रेकॉर्ड तशीच हातात धरली आणि गजाननला टपरीवर घेऊन गेले. त्याला चहा पाजला, समोसा खाऊ घातला, आपलाही चहा त्याच्यापुढे सरकवला.

गजानन गाडीत चढला, स्टार्टर मारला, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काका, आनखी असं काही आनाचं असलं तं बिनधास्त सांगजा! बोनेट आपलंच हाये!"

काकांनी हात वर केला. म्हणाले, "हो रे बाप्पा. तुलेच सांगीन."