कोतवालनानांचा आवाज

नाना कोतवाल सरकारचा निरोप सांगायला उभे राहिले की आधी पायातल्या चपला काढत. खाली तापलेली फरशी असो, चिखल असो, नाहीतर बाभळीचे काटे पडलेली पांदणवाट. चपला शेजारी नीट जोडून ठेवायच्या, टोपी सारखी करायची आणि मग गळा मोकळा करायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "लेकी, हा सबुद माझा न्हाय, सरकारचा हाय. लोकं त्याच्या भरोशावर उठत्यात, बसत्यात. पायताण घालून बोलायची गोष्ट न्हाय ती."

कोतवाल म्हणजे महसूल खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. तलाठ्याच्या हाताखाली राबायचं, नोटिसा पोचवायच्या, पंचनाम्याला उभं राहायचं, दवंडी द्यायची. नानांच्या वडिलांनीही हेच केलं होतं. गावोगावी दवंडी बंद पडली तरी नानांनी ती सोडली नव्हती. त्यांच्या दवंडीत तीनच गोष्टी असत. हुकूम कुणाचा, काम काय आणि कधीपर्यंत. चौथी गोष्ट नाही. सांगून झालं की समोरच्या एखाद्या म्हातारीला थांबवून विचारायचे, "आता तुमी सांगा बगू, म्या काय म्हणलो?" तिनं बरोबर सांगितलं की पुढच्या गल्लीला निघायचे. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

मी बेंबळीची. लातूरला शिकले आणि आमच्याच जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात कंत्राटी म्हणून लागले. काम काय, तर कार्यालयाचं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप सांभाळायचे. वरून पत्र आलं होतं की प्रत्येक कार्यालयानं समाजमाध्यमांवर दिसलं पाहिजे, चालू ट्रेंड बघून योजना लोकांपर्यंत नेल्या पाहिजेत. मी तहसीलदार साहेबांचे फोटो लावून रंगीत पाट्या करायची. त्यांना पसंती द्यायचे ते आमच्याच कार्यालयातले लोक, तेही साहेब बघतात म्हणून.

नाना तेव्हा आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात असायचे. एकदा रेशनकार्डाच्या केवायसीचं शिबिर होतं आणि लोक येईनात. मी सहज म्हणाले, "नाना, तुमची दवंडी मोबाइलवर घेऊ का?" त्यांनी मोबाइलकडे बराच वेळ पाहिलं. "ह्याच्यात म्या बोललो तर ऐकणार कोण?" मी म्हणाले, "सगळा तालुका." मग ते निघून गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा कळलं की शिबिराची जागा बघून आले होते, मंडप घातलाय का, मशीन चालू आहे का, सावली आहे का. "जे म्या डोळ्यानं बगितलं न्हाय ते म्या सांगत न्हाय," म्हणाले. मग आवारातल्या लिंबाखाली चपला काढून उभे राहिले.

मी त्या व्हिडिओला काहीच केलं नाही. संगीत नाही, रंग नाही. दुसऱ्या दिवशी शिबिराला रांग लागली. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेल्या पोरांनी खाली लिहिलं होतं, "असा आवाज लहानपणी ऐकला होता." एकानं लिहिलं, "नाना म्हणतात म्हणजे खरं असणार." ते वाक्य मी नानांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

तेव्हापासून तालुक्याला त्यांच्या आवाजाची सवय झाली. त्याच वर्षी पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली होती. बाजाराच्या दिवशी चादरी विकणाऱ्या दोन परक्या माणसांना लोकांनी स्टँडजवळ घेरलं. नानांनी त्यांची कागदं पाहिली, ते ज्यांच्या घरी उतरले होते त्यांना भेटून आले, आणि तिथंच उभं राहून बोलले, "म्या नाना कोतवाल. ही दोन माणसं म्या बगितल्यात. चादरी इकत्यात. कुनाचं लेकरू पळवलेलं न्हाय. हात खाली घ्या." मी ते मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकेपर्यंत गर्दी पांगायला लागली होती. त्या दिवशी मला माझ्या कामाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पुढं जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं.

जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या कार्यालयाचं नाव निघालं. साहेब खूश होऊन आले आणि म्हणाले, "आता दर आठवड्याला एक रील. ट्रेंडवर पाहिजे. नानांना घ्या." तेव्हा एक धून सगळीकडे वाजत होती. सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि कुणीतरी ओरडलं की एकदम नाचायला लागायचं. पोरं करत होती, नवरानवरी करत होती, बँकेतले लोकही करत होते. स्वच्छतेच्या मोहिमेसाठी साहेबांना तेच हवं होतं. नाना सरळ नाही म्हणाले. "साहेब, म्या नाचणार न्हाय आन् नाचायला सांगणार बी न्हाय. झाडून घ्या म्हणा, झाडून घेतो."

माझ्याकडे त्यांची एक जुनी चित्रफीत होती. पूर आला तर काय करायचं याची तालीम नदीकाठी झाली होती, तेव्हाची. त्यात नाना जीव तोडून ओरडले होते, "नदीला पाणी यायलंय! सगळ्यांनी हलायचं! आत्ताच्या आत्ता हलायचं!" मी पुढचं मागचं कापून टाकलं. फक्त "हलायचं!" ठेवलं आणि त्या धुनीवर बसवलं. आवारात कारकून, शिपाई, दोन तलाठी पुतळ्यासारखे उभे. "हलायचं!" म्हटलं की सगळे झाडू घेऊन नाचायला लागले. नानांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही.

ती रील भलतीच चालली. रोज सकाळी आकडा बघायचा आणि साहेबांना सांगायचा, एवढंच काम उरलं. लोकांनी तो आवाज उचलला. बसलेल्या म्हशीला उठवताना "हलायचं!", लग्नाच्या वरातीत "हलायचं!", सोफ्यावर लोळणाऱ्या नवऱ्याला "हलायचं!" साहेबांचं कौतुक झालं, माझं कंत्राट वाढलं. बाजारातून नाना चालले की पोरं मागून ओरडायची आणि हसत पळायची. नाना कुणावर चिडले नाहीत. एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"लेकी, हा माझाच आवाज हाय न्हवं?"

"हो नाना."

"हे म्या नदीवर म्हणलो व्हतो. पुराच्या टायमाला म्हणायचं म्हणून."

"नाना, ट्रेंड आहे तो. लोकांना आवडलाय."

"ट्रेंड म्हंजी काय?"

मी म्हणाले, "सगळे एकाच वेळी जे करतात ते. थोड्या दिवसांनी जातं."

त्यांनी जरा विचार केला. "ते जाईल. मग माझा आवाज माघारी येतंय का?"

मी हसले. 

पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर सलग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की वरच्या धरणातून पाणी सोडतायत, नदीकाठच्या वस्त्या हलवा. नाना आणि तलाठी मोटारसायकलवर निघाले. दोन वस्त्यांवर नाना स्वतः पोचले, दारोदार गेले, माणसं आणि जनावरं शाळेत आणून बसवली. तिसरी वस्ती ओढ्यापलीकडे होती. ओढ्याला छातीएवढं पाणी होतं. नाना उतरायला निघाले तेव्हा तलाठ्यानं त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. सरपंचाचा फोन लागेना. शेवटी तलाठ्यानं मोबाइल धरला आणि नाना चिखलात अनवाणी उभे राहून बोलले. हुकूम कुणाचा, काम काय, कधीपर्यंत, सगळं सांगितलं. आणि शेवटी ओरडले, "सगळ्यांनी हलायचं! आत्ताच्या आत्ता!"

तलाठ्यानं पाठवलेला तो व्हिडिओ मी कार्यालयात बसून त्या वस्तीच्या ग्रुपवर टाकला. लगेच निळ्या खुणा आल्या. लोकांनी पाहिला होता. मला हायसं वाटलं. मग खाली हसणारे चेहरे यायला लागले. एक, दोन, सात. कुणीतरी लिहिलं, "नाना परत आले!" मी लिहिलं, "हे खरं आहे, बाहेर पडा." त्यावरही कुणीतरी हसलं. मी एकेकाला फोन लावत सुटले. चौथा लागला. तोवर पाणी गोठ्यांत शिरलं होतं.

वस्तीतले लोक टेकाडावर पळाले, वाचले. कोंडाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या सोडायला मागं वळली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला एका करंजाच्या झाडाला अडकलेली सापडली.

पंचनाम्याला नाना होते. मीही गेले होते, का ते मला सांगता येणार नाही. कोंडाबाईचा मुलगा महादेव गुडघ्यात डोकं घालून बसला होता. नाना त्याच्याजवळ बसले. तो मान वर न करताच म्हणाला, "नाना, तुमचा इडिओ आईनंबी बगितला. आमी समदे हसलो. आमाला वाटलं, नवी रील हाय."

 नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशीच मी ती रील काढून टाकली. पण आवाज आता माझ्याकडे नव्हता. तो हजारो लोकांच्या मोबाइलमध्ये होता, त्यांच्या म्हशींवर आणि वरातींवर चढलेला. तो कुठून कुठून काढणार? साहेबांची यथावकाश बदली झाली. पुराच्या अहवालात लिहिलं गेलं की समाजमाध्यमांद्वारे वेळेत सूचना देण्यात आली होती. ते वाक्य खोटं नव्हतं. ते मीच टाइप केलं होतं.

नानांनी त्यानंतर मोठ्यानं बोलणं सोडलं. नवे साहेब आले, त्यांनीही दवंडीचा व्हिडिओ मागितला. नानांनी गळ्याला हात लावून सांगितलं, "घसा बसलाय, साहेब." घसा बसलेला नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेवढा काळ ते पायी फिरले. प्रत्येक दारात जाऊन, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात सांगायचे. एका गावाला एक दिवस लागायचा. कार्यालयातले लोक म्हणायचे, म्हातारा सटकलाय. निरोप समारंभाला त्यांनी नारळ आणि शाल घेतली, हात जोडले आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर नुसती मान हलवली.

निवृत्त होऊन ते उमरग्याला लेकीकडे गेले. मी एकदा भेटायला गेले. हायवेला लागून घर. ट्रक चालले की भिंतीवरची भांडी थरथरायची. माझ्या मनात बोलायचं खूप होतं. "नाना, माझं चुकलं," एवढंच म्हणता आलं.

एक ट्रक जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "तुला एकटीला कामून बोल लावू? म्याबी दोन दिवस खूश व्हतो की, समदा मुलूख माझं नाव घ्यायलाय म्हणून. लोकं हसायलेत हे कळायला उशीर लागला." जरा वेळानं म्हणाले, "आता मोठ्यांदा बोलाय गेलो की आदी हसणं ऐकू येतंय. मग बोलवत न्हाय." त्यांच्या लेकीनं चहा आणला. "घे, लेकी, गार व्हतंय," म्हणाले. निघताना रस्ता ओलांडेपर्यंत सोबत आले. मला वाटतं, त्यांनी मला माफ केलं होतं. पण तसं त्यांनी म्हटलं नाही, आणि जे त्यांनी म्हटलं नाही ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. एकदा घातलंय तेवढं पुरे.

यंदा माघात सकाळी सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. "मॅडम, आबा पहाटंला गेले. गावाकडं कुनाचे नंबर न्हायत माझ्याकडं. तुमी तेवढं कळवा." मी मोबाइल उघडला. तालुक्याचे सगळे ग्रुप माझ्या हातात होते. एक बोट लावलं असतं तर साऱ्या तालुक्याला कळलं असतं. बोट लावायला धजले नाही. मी एकेकाला फोन करायला घेतला. पहिला महादेवला केला.

"महादेव, नाना गेले."

 तो हळूच म्हणाला, "मॅडम, खरंच का?"

मी म्हणाले, "थांबा. मी येते तिकडं." आणि स्टँडकडे निघाले.