साइमीची मऊ पिन

साइमी रौतियो एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, त्यामुळे आमच्या गावात तिच्या हातचं न जेवलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मी जेवलेलो नाही, कारण मी शाळा सोडली तेव्हा ती अजून दुसरीत होती. पण सत्तेचाळीस वर्षं तिचा शेजारी आहे, आणि तिच्या हातचा वेलदोड्याचा पाव या कुंपणावरून इतक्या वेळा आलाय की मोजदाद नाही. माझं नाव ओन्नी. आमच्या फिनी भाषेत त्याचा अर्थ नशीब. खाण बंद पडली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती, एवढ्यावरून त्या नावाची काय ती किंमत करा.

साइमी दिसायला लहानखुरी. सुलोशी तिचं लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले, वाऱ्यानं उडून जाईल. सुलो सहा फुटांचा. तोच गेला, तीन वर्षांपूर्वी, सौनातून, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीतून, बाहेर येऊन बाकावर बसला तो उठलाच नाही. ती मात्र घट्ट उभी राहिली. पण सुलो गेला आणि बर्फाचं काय, हा प्रश्न आला. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सरोवरावरून ढग येतात आणि उभ्या हिवाळ्यात तीन-तीन पुरुष बर्फ पडतो. सुलो तो पत्र्याच्या मोठ्या सुपड्यानं ढकलायचा. आम्ही सगळेच तसं करायचो. दोन वर्षं साइमीनंही सुपडं ढकललं, आणि गेल्या फेब्रुवारीत घसरून मनगट मोडून घेतलं.

मग डार्लीनचा फोन आला. डार्लीन तिची एकुलती एक मुलगी, ग्रँड रॅपिड्सला असते, गाडीनं आठ-नऊ तासांवर. तिनं आईला सांगितलं की आता पुरे, घर विकायचं आणि माझ्याजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत यायचं. साइमी म्हणाली, विचार करते. साइमी असं म्हणते तेव्हा तिचा विचार झालेला असतो. तिनं उलट अट घालून घेतली. नाताळच्या आधीच्या शनिवारी डार्लीननं यावं. रस्त्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत गाडी सरळ आत आली, आणि ती वाट साइमीनं एकटीनं काढलेली असली, तर घराचा विषय पुन्हा निघणार नाही. नाहीतर वसंतात घर विकायचं. त्याच दिवशी डार्लीननं मलाही फोन केला. “ओन्नीकाका, आईकडे जरा लक्ष ठेवा,” म्हणाली. मी म्हटलं, ते काय सांगायला हवं.

ऑक्टोबरात साइमी म्हणाली, बर्फ उडवायचं यंत्र घ्यायचंय, चल. मला स्फुरण चढलं. मी खाणीतला मेकॅनिक, नंतर काउंटीच्या गॅरेजात वीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाड्या दुरुस्त केल्या. माझ्याकडेही असं एक यंत्र होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा गिअरबॉक्स गेला, कारखान्याचाच दोष, म्हणून मी पुन्हा सुपड्यावर आलो होतो. वाटेत मी तिला सगळं समजावलं. हलकं घेऊ नकोस, ते नुसतं अंगणातला ताजा भुरभुरीत बर्फ उडवतं. नांगरगाडी गेल्यावर वाटेच्या तोंडाशी जो दगडासारखा बांध उरतो, त्यापुढे ते हात टेकतं. दुकानातलं सगळ्यात मोठं घे, बत्तीस इंच रुंद.

दुकानात क्लिफर्ड नावाचा तरतरीत विक्रेता होता. त्यानंही बत्तीस इंचीच पुढे केलं. साइमीनं ऐकून घेतलं आणि हरणाच्या कातड्याचे, चारही बोटं एकाच खोळीत जाणारे हातमोजे घातले, अगदी हिवाळ्यात घालतो तसे, आतल्या लोकरीसकट. मग बंद यंत्राचे दोन्ही दांडे धरून ते जागच्या जागी वळवून पाहिलं. हललं नाही. दुसऱ्याची दोरी ओढून पाहिली. तिसऱ्याच्या मुठी तिच्या हनुवटीला लागत होत्या. दुकानातली चार गिऱ्हाइकं काम सोडून बघत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी चोवीस इंची एक यंत्र तिनं मोज्यांसकट वळवलं, मागे घेतलं, पुढे नेलं. आणि क्लिफर्डला विचारलं, “यात आधी काय मोडतं?”

क्लिफर्ड म्हणाला, यात काही मोडत नाही.

“मग नको,” साइमी म्हणाली आणि दाराकडे निघाली.

मागच्या खोलीतून दुकानाचा म्हातारा मिस्त्री हात पुसत बाहेर आला. तो यंत्रापुढे गुडघ्यावर बसला आणि बर्फ कातून आत ओढणाऱ्या मळसूत्री पात्याच्या दोन्ही बाजूंना बोट दाखवलं. इथे एकेक पिन आहे, म्हणाला, मऊ पोलादाची. पात्यात काही अडकलं की ती तुटते. पात्याच्या मध्यावरचा गिअरबॉक्स वाचतो. साइमीचा चेहरा उजळला. शाळेतल्या कणीक मळायच्या यंत्रात असलीच एक पिन होती. तिशी-पस्तिशीतल्या तिच्या सगळ्या सकाळी त्या यंत्राशी गेल्या होत्या, रोज चारशे पोरांचा पाव. तिनं क्लिफर्डच्या समोर खाली बसून ती पिन काढली, परत घातली, आणि मगच पाकीट उघडलं. वर दहा पिना घेतल्या. त्या तिनं सुलोच्या तपकिरीच्या डबीत ठेवल्या आणि डबी दांड्याला बांधून टाकली.

यंत्राची तिनं जी उठबस ठेवली ती पाहून मला हसू यायचं. गॅरेज उबदार, पण यंत्र मात्र बाहेरच्या थंड पडवीत, कारण ऊब लागलेल्या पत्र्याला बर्फ वितळून चिकटतो. बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळ्याला आतून मेणबत्ती घासायची. आमची वाट खडीची, म्हणून यंत्र ज्यांवर सरकतं ते खालचे घसरपाय तिनं बोटभर उंच लावले, नाहीतर खडी उडून माझीच खिडकी फुटली असती. नळा तुंबला तर इंजिन बंद करून लाकडाच्या लांब दांड्याच्या उलथण्यानं मोकळा करायचा, हात कधीच घालायचा नाही. ते उलथणं शाळेनं तिला निवृत्तीच्या दिवशी दिलं होतं. दर शनिवारी, सौना तापेपर्यंत, ती तेल बघायची. मी कुंपणावरून म्हणायचो, “साइमी, त्याला पाव पण घालतेस का?” ती म्हणायची, “मागत नाही बिचारं. तुझ्यासारखं नाही.”

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र तिच्या तीन पिना तुटल्या. बांधाला ती सुरुवातीला फार जोरात भिडायची. थंडीत खाली बसून ती पिन बदलतेय हे खिडकीतून पाहणं मला सोसेना. आम्ही खाणीतली माणसं. आमच्याकडे मोडलेली वस्तू दुरुस्त करायची ती पुन्हा मोडणार नाही अशी, नाहीतर खाली लोक अडकायचे. एका दुपारी ती चर्चच्या पाव-विक्रीला गेली असताना मी तिच्या पडवीत शिरलो आणि दोन्ही पिना काढून माझ्या डब्यातले दोन कडक बोल्ट ठोकून दिले. तिला कळवलं नाही. म्हटलं, उपकार बोलून दाखवू नयेत.

पुढचे दहा दिवस एकही पिन तुटली नाही. मी रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन खिडकीत उभा राहायचो, आणि खरं सांगतो, खाण बंद झाल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. माझ्याच यंत्राचं काय पाप आहे, असा विचार आला. गुरुवारी ते गाडीत घालून त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्यानं गिअरबॉक्स उघडला. आतल्या पितळी चाकाचे दात चुरडून गेले होते. त्यानं पात्यातला बोल्ट काढून माझ्यापुढे धरला.

“हा कुठल्या गाढवानं घातला?”

मी म्हटलं, आधीच्या मालकानं. ते यंत्र मी नवं घेतलं होतं.

घरी येताना सगळा हिशेब जुळला. तसलेच दोन बोल्ट आता साइमीच्या यंत्रात होते, आणि परवा शनिवार. एक लाकूड, एक दगड आत गेला की तिचं घर गेलं, आणि घालवणारा मी. शुक्रवारी सांगायचंच असं ठरवून मी तिच्याकडे गेलो. ती ओट्याशी कणकेच्या तीन पेडांची वेणी घालत होती, डार्लीनसाठी. घरभर वेलदोड्याचा वास. भिंतीवर सुलोची टोपी अजून त्याच खिळ्याला. मी दोन कप कॉफी प्यालो, तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा त्यात पाव घातला. “तुझं पोट बरं आहे ना?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि घरी आलो. एवढा भित्रा मी खाणीच्या तळाशीही नव्हतो.

शनिवारी सकाळी गुडघ्याच्या वर बर्फ. नांगरगाडीनं वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून ठेवलेला. साइमीनं वाट काढत आणली आणि ती बांधापाशी पोचली तोच डार्लीनची गाडी रस्त्यावर येऊन थांबली, इंजिन चालू, वायपर फिरतायत. साइमीनं बांधाला यंत्र लावलं, अर्धीच रुंदी, हळूहळू, जसं कणकेत पाणी घालतात तसं. दोन वेळा बर्फ उंच उडाला. तिसऱ्या वेळेला पात्यात काहीतरी गेलं.

टक्.

मी कोट न घालताच धावत सुटलो. आता पितळ चुरडल्याचा तो खरखराट येणार म्हणून कान टवकारले होते. तो आला नाही. इंजिन मोकळं, हलकं फिरत होतं. साइमीनं ते बंद केलं, उलथणं घेतलं आणि पात्याच्या पोटातून ओंडक्यासारखा गोठलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाहेर ओढला. बांधात दोन दिवस पडून होता तो. डार्लीन गाडीतून उतरली आणि मदतीला पुढे आली.

“गाडीत बस,” साइमी म्हणाली. “अट कोणाला पाळायचीय?”

डार्लीन बसली. साइमीनं मोजे काढले, डबी उघडली, तुटलेल्या पिनेचे तुकडे ठोकून बाहेर काढले आणि नवी पिन बसवली. मी आत बोल्ट ठोकलेला, बाहेर पिनेचे तुकडे पडलेले, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. बांध गेला. डार्लीनची गाडी गॅरेजच्या दारापर्यंत सरळ आली. ती उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिनं गाडीचा मागचा दरवाजा उघडला. आत पुठ्ठ्याची खोकी घडी करून ठेवलेली, सामान भरायला आणलेली. साइमीनं त्यातलं एक उचललं, नीट पाहिलं आणि म्हणाली, चांगलं जाड आहे, यंत्राखाली तेल गळायला ठेवीन.

कॉफीला मला बोलावलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, डार्लीनच्या समोर. साइमीनं ऐकलं, डबी उघडली आणि माझे दोन बोल्ट टेबलावर ठेवले.

“कधी काढलेस?” मी विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी. तुझ्या बोल्टच्या डोक्यावर कडक पोलादाच्या सहा-सहा रेघा, माझ्या पिनेला एकही नाही. पिना परत घातल्या आणि मीच हळू भिडायला लागले.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज सकाळी खिडकीत इतका खूश दिसायचास,” ती म्हणाली. “सुलो गेल्यापासून तुला तसं पाहिलं नव्हतं. पाव घे.”

मी पाव घेतला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की सुलो फक्त तिचाच गेला नव्हता.

डार्लीन रविवारी परतली. निघताना काच खाली करून तिनं हळू आवाजात आईला काहीतरी सांगितलं. मी कुंपणापलीकडे सुपडं ढकलत होतो आणि मला ऐकू येत नाही असं तिला वाटलं. “आई, ओन्नीकाकांकडे जरा लक्ष ठेव.”

“ठेवते,” साइमी म्हणाली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला, आणि मग यंत्राचं तोंड माझ्या वाटेकडे वळवलं.