भिंतीला भिंत

आमच्या मामाला सगळे भोंगा म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते दवाखान्यात केसपेपर काढतानाच लागायचं. लाकडाच्या वखारीत आरा मशीनवर होता तो. ते मशीन एकदा सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. ओंडका पुढं ढकलायचा झाला की एकानं जोरात ओरडायचं, "सरका!" की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, नाहीतर पाय गेलाच समजा. हे ओरडायचं काम मामाचं. त्याची सवय अशी लागली की जेवताना मामानं मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन दारात उभी. मामी म्हणायची, "अहो, मी इथंच बसलेय, परगावी नाही गेले."

मामा आणि मामी राहायचे वखारीच्या मागच्या खोलीत. खोली वखारीच्या शेठची. खिडकी उघडली की भिंत आणि भिंतीपलीकडे फुटबॉलचं मैदान. बॉल वखारीत पडला की मामाच तो परत टाकायचा, आणि टाकताना वर दोन सल्ले द्यायचा. रविवारी आंघोळ करून, मफलर गुंडाळून तो मैदानातल्या पायऱ्यांवर जायचा. तिसरी पायरी, दिव्याच्या खांबाखाली, ती त्याची जागा. शेजारी सलूनवाला, मामाचा जिगरी दोस्त. मामा ओरडला की समोरचा गोलकीपर दचकायचा म्हणे. एवढं करून आमची टीम हरायची. हरण्यात एकदम तरबेज होती. पण लोक यायचे. टीम म्हणजे आई, हरते म्हणून कोणी आईला बदलतं का, असं मामाचं म्हणणं.

क्लबचा जुना मालक मात्र कधी फिरकायचाच नाही. गवत करपलेलं, पोरांच्या जर्स्या विरलेल्या, गोलाच्या जाळीला सुतळीनं गाठी मारलेल्या. एका रविवारी पाच गोल खाल्ल्यावर मामानं सुरू केलं, "मालक बदला! मालक बदला!" कुंपणाच्या पत्र्यावर हात आपटत सगळ्यांनी उचलून धरलं. मग दर रविवारी तेच. मॅच कोणी बघेना, नुसतं मालक बदला.

आणि मग ती चहाची गोष्ट. वखारीत चहा चालला होता. शेठनं सहज विचारलं, "काय रे भोंग्या, तुझ्या त्या क्लबचं काय चाललंय? एवढा आरडाओरडा कशाला?"

मामा म्हणाला, "शेठ, तुम्हीच घ्या की. भिंतीला भिंत आहे."

झालं. एवढंच बोलला. पण हे वाक्य पुढं त्याला इतकं खाऊ लागलं की झोपेतही बडबडायचा. मामी हलवायची, तर उठून बसून म्हणायचा, "मी म्हणालो ना त्याला. माझ्या तोंडानं म्हणालो."

शेठनं खरंच क्लब घेतला. त्या दिवशी पोरांनी मामाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. सलूनवाल्यानं फुकट दाढी केली, वर डोक्याची मालिश केली. म्हणाला, "तुझं तोंड सोन्यानं मढवायला पाहिजे!" मामा म्हणाला, "आधी खरडलंयस तेवढं तरी भरून दे, रक्त येतंय."

सुरुवातीला सगळं गोडच होतं. नवीन जर्स्या आल्या, छातीवर वखारीचं नाव. नवी जाळी आली. मग शेठनं भिंत फोडून मध्ये दार काढलं, ये-जा करायला बरं म्हणून. मग एक दिवस ओल्या लाकडाचा ट्रक आला आणि शेठ म्हणाला, "वरच्या पायऱ्यांपासून रचा. सहा दिवस रिकाम्याच असतात, ऊन चांगलं लागतं." रविवारी उचलू म्हणाला. रविवारी कोण उचलतंय? दुसरा ट्रक आला, तिसरा आला. लाकूड वर चढत गेलं आणि माणसं खाली उतरत गेली. तिसऱ्या पायरीवर ओंडके चढवले त्या दिवशी मामाच होता कामावर. स्वतःच "सरका" ओरडला आणि स्वतःच्या जागेवर ओंडका टाकला. त्या रात्री तो गुपचूप जेवला. शेजारीण विचारायला आली, बरं नाही का म्हणून.

सलूनवाला भडकला. "तूच आणलास ना त्याला? आता तूच ओरड."

"कसा ओरडू? मशीन त्याचं, खोली त्याची."

"बायको तरी तुझीच आहे ना?"

"तिला पण त्याच्याच खोलीत ठेवलंय मी."

"हे बघ भोंग्या, तू सुरू केल्याशिवाय आमच्या कोणाच्या घशातून आवाज निघत नाही. रविवारी सगळे तुझ्या तोंडाकडे बघणार."

मामानं घरी येऊन मामीला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "ओरडायचं तर ओरडा. फक्त आदल्या दिवशी सांगा, भांडी बांधून ठेवते." ती रागावली असती तर बरं झालं असतं असं मामा मला म्हणाला होता. "मग जाऊच नका," असंही ती म्हणाली. तर मामा म्हणे, "न जाऊन जाऊ कुठं? खिडकी उघडली की तेच आहे समोर."

शेठच्या कानावर गेलं असणार. शनिवारी त्यानं मामाला ऑफिसात बोलावलं, क्लबचं नवंकोरं जाकीट दिलं आणि म्हणाला, "उद्या माझ्या शेजारी खुर्चीत बसायचं. तू आपला खास माणूस." नाही म्हणायची सोयच नव्हती.

रविवारी मामा खुर्चीत, शेठच्या शेजारी, जाकिटात घामाघूम. समोर उरलेल्या दोन पायऱ्यांवर सगळी माणसं दाटीवाटीनं उभी, मागं लाकडाचा डोंगर. सगळे मामाकडेच बघतायत. सलूनवाला तर डोळेही मिटत नव्हता. समोरच्यांनी गोल मारला. मामा उभा राहिला. शेठनं त्याच्या जाकिटाला धरलं, "बस रे." मामानं छाती भरली. तोंडात "मालक बदला" होतं, तो शपथेवर सांगायचा. पण बाहेर पडलं, "सरका!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग सलूनवाल्यानं उचललं, शेठकडे हात करून, "सरका!" आणि सगळ्या पायऱ्या गरजल्या, "सरका! सरका!" मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जमलं.

शेठनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि टाळ्या वाजवायला लागला. "वा रे भोंग्या! पोरांना पुढं सरका म्हणतोय! घोषणा असावी तर अशी!"

पुढच्या रविवारी भिंतीवर पुरुषभर उंच अक्षरांत रंगवलेलं होतं, सरका! खाली वखारीचं नाव. जर्सीच्या पाठीवरही तेच. सलूनवाला दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, "जागा दिलीस, आता शब्दही दिलास. अजून काय उरलंय तुझ्याकडे?" त्यानंतर दोघं बोलले नाहीत. मामा दाढी घरीच करायला लागला, गालावर कापून घ्यायचा.

मशीनवरही ओरडेना तो. ओंडका आला की लोखंडी नळी आपटायचा. मफलर खुंटीला तसाच. रविवारी खिडकी लावून घ्यायचा, आणि बाहेर त्याचाच शब्द चालायचा, दुसऱ्यांच्या तोंडानं. मामी म्हणायची, "मीठ हवं असेल तर मागा तरी." तो आळणीच जेवायचा.

तसाच गेला. खिडकीखाली बसल्या बसल्या.

न्यायच्या वेळी सलूनवाला आला, कोणाशी न बोलता पुढचा खांदा त्यानं दिला. पण खोलीपासून फाटकापर्यंत वाट कुठं होती? दोन्ही बाजूंनी लाकूड रचलेलं, मध्ये ट्रक उतरवणं चाललेलं. मशीन बंद करायला कोणी सांगितलंच नव्हतं. चौघं खांद्यावर घेऊन उभे. सलूनवाला ओरडला, दोनदा ओरडला, मशीनपुढं काही ऐकू जाईना. मामा तिथंही अडकला.

तेव्हा मामी पुढं आली. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता तिनं, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं कधी बोललीच नाही. पदर खोचला, छाती भरली आणि ओरडली.

"सरका!"

मशीन थांबलं. हमाल बाजूला झाले, ट्रक मागं गेला. शेठ ऑफिसच्या पायरीखाली वाटेतच उभा होता, हातात फोन. त्यानं मामीकडं बघितलं.

तोही सरकला.