उत्तर बाईंनीच द्यावं

आमच्या महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवणाऱ्या कुसुमताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९७४ च्या पावसाळ्यात. बपेऱ्याहून लग्न होऊन मी एकोडीला आले होते, म्हणून गावात सारे मला ‘बपेरावाली’ म्हणत. बाईंनी पहिल्याच तासाला माझं नाव विचारलं, मग मत विचारलं. नाव सांगितलं, पण मत सांगताना घाम फुटला. मी बोलेपर्यंत त्या थांबून राहिल्या.

समोरच्या बाईला उत्तर देऊ द्यायचं आणि ते ऐकून आपण बदलायचं, याला त्या मान्यता म्हणत. नुसतं कौतुक बायकांना फार मिळतं, असंही म्हणत.

एकोडीत धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, आटोपला की रोवणाऱ्या बायांचा लुगडं-नारळ देऊन सत्कार होई. एका वर्षी पाहुण्या म्हणून बाई आल्या. सरपंचांनी लुगडं पुढे केलं, तशी रोवणाऱ्यांतली नाकाडोंगरीवाली म्हणाली, “लुगडं राहू द्या. मले बोलाचं हाय.” तलावाचं पाणी रोवण्याच्या आदल्या दिवशी सोडा, सुकल्या चिखलात आमची बोटं फाटतात, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सरपंच हसले. “सत्कार तं केला न बाई. आता आखीन काय पायजे?”

कुसुमताईंनी हातातला नारळ सतरंजीवर ठेवला. तिचं ऐकून होईपर्यंत आपणही सत्कार घेणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पुढच्या वर्षी पाणी आदल्या दिवशी सुटलं. सरपंच आमचं महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे बाईंचं विभागप्रमुखपद मात्र कायमचं अडलं.

माझं मूल तान्हं असताना बाई एस.टी.ने एकोडीला येऊन मला शिकवून जात. सासूबाईंशीही तासभर बोलत, त्यांचंही मत विचारत. म्हणून मी परीक्षेला बसू शकले.

आता तीच संस्था बाईंची साठी साजरी करते आहे. शाल, श्रीफळ, हा गौरवग्रंथ, शेवटी जेवण, सगळं आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्काराला उत्तर’ यापुढे बाईंच्या यजमानांचं नाव पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. बाई फार वेळ घेतात, असं सत्कार समितीने कारण दिलं. यजमानांनी साफ नकार दिला, तेव्हा समितीने पत्रिकेतून उत्तराचा भागच गाळला. याचा मला संताप येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

कुसुमताईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. त्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. शाल पांघरून झाली की माइक मी बाईंच्या हाती देणार आहे. समितीतलं कुणी हा लेख आधी वाचेल, अशी भीती मला नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी घरूनच जेवून यावं.