लागलं तर आवाज देते

बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून गॅलरीत बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात स्कूटरची किल्ली. आईला म्हणाले, "हां, सांग. काय काम आहे?"

"काहीच नाही," आई म्हणाली.

मग ते घटकेघटकेला स्वयंपाकघरात डोकावू लागले. काही आणायचंय? काही चिरायचंय? आईची पोळी करपली. "अहो, काहून डोकं खाऊन राहिले माझं? बसा ना जरा. लागलं तर आवाज देते."

बाबा बसले. आईने काही आवाज दिला नाही. त्यांना सांगण्यापेक्षा आपण लवकर उरकतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. महिने गेले. बाबा रोज तयार होऊन बसत.

"बाबा, बूट तरी काढा," मी एकदा म्हटलं.

"काहून? आवाज आला तर?"

मला इतका राग आला! कुणाचा, ते विचारू नका.

मदन महल वस्तीतल्या आमच्या त्याच घरात आतल्या खोलीत बसून मी नोकरी करते. पुष्कळ डिस्क जोडून सगळी मिळून एकच मोठी डिस्क आहे असं भासवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. आत काम वाटून घ्यायला थ्रेड असतात, म्हणजे कामकरी समजा. रिकामा थ्रेड सारखा 'काम आहे का, काम आहे का' विचारत बसला, तर बाकीच्यांचाही वेळ खातो. म्हणून त्याला झोपवायचं, आणि काम आलं की ज्या थ्रेडकडे येईल त्याने या झोपलेल्याला उठवायचं. साधी गोष्ट आहे.

त्या आठवड्यात तक्रार आली की गर्दीच्या वेळी सगळं रखडतंय. चूक कुठेच दिसेना. शेवटी सापडलं ते असं, की एक थ्रेड कधीचा झोपलेलाच होता. बाकीचे इतके चपळ, की याला उठवण्यापेक्षा आपणच करून टाकू म्हणून सगळं आपसात उरकत होते. एरवी काम होत होतं, म्हणून कुणी चौकशीही केली नाही.

मी स्क्रीनकडे बघत बसले. मग गॅलरीकडे बघितलं. फार वाईट वाटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा!"

बुटांचा आवाज धावत आला. "हां, बोल! काय आणू?"

आता आली का पंचाईत! मला काय हवं होतं? "कोथिंबीर," मी म्हटलं. "आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून. ताजी बघून आणा."

आई दारात येऊन उभी राहिली. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या, सकाळीच निवडलेल्या. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांच्या बुटांकडे बघितलं. आता बोलणार, असं वाटलं.

"पुदिनाही आणा," ती म्हणाली. "विसरू नका, माझं अडलंय."

"चलो," बाबा म्हणाले, आणि पिशवी घेऊन जिना उतरले. स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत आई खिडकीत उभी होती. मग तिने फ्रिजमधून दोन्ही जुड्या काढल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

"दीदी, ये धनिया रख लीजिए," मला ऐकू आलं. "हमारे यहाँ अभी आ रहा है."