सकाळी कुणाकुणाला उठवायचं

"एवढ्या सगळ्यांना सकाळी सकाळी कायकू उठवता, ताई? ज्याचं काम असंल तोच उठंल." असं म्हणत आमचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे आणि जिभेला लावलेलं बोट थेट स्क्रीनवर टेकवायचे. शी!

सुलतान बाजारातल्या एका मराठी वाचनालयात मी कामाला. कॉम्प्युटर एकच, तोही म्हातारा. सकाळी चालू केला की माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा, तरी स्क्रीनवरचं चाक आपलं फिरतंच. दुरुस्तीचं वर्षाचं काम या गृहस्थांकडे होतं. मूळचे नांदेडकडचे, राहायला कुकटपल्लीला. आमच्यासारख्या तीन-चार जागांवर त्यांचं घर चालायचं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कामात हुशार, पण शेजारी बसवत नाही. ज्या रुमालात नाक शिंकरायचं, त्याच रुमालानं कीबोर्ड पुसायचा! ते गेले की मी अर्धी बाटली सॅनिटायझर ओतून माऊस पुसायची.

त्यात त्यांची कामाची तऱ्हा म्हणजे जीव जाईल अशी. मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडायची. त्यातला एकच बंद करायचा, मशीन पुन्हा चालू करायचं, मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे. मग पुढचा. आणि प्रत्येक वेळी प्रश्न, "हे कुणाचं? कुणाला लागतं का?"

"अहो, करा ना सगळे बंद एकदाचे!" मी वैतागून म्हणायची.

"नक्को, ताई. विचारल्याबिगर कुणालाच बंद करू नये."

अर्धा दिवस तो गुटख्याचा भपकारा सोसत मी बसलेली.

पुढच्या वेळी मशीन पुन्हा रेंगाळायला लागलं, तेव्हा म्हटलं, मरो ते ध्यान, आपणच करू. यादी कुठं उघडते ते बघून बघून कळलंच होतं. सटासट सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मशीन मिनिटाच्या आत हजर! मी कुणाला काही बोलले नाही.

त्या यादीत एक प्रोग्राम होता. आमच्या पुस्तकांच्या नोंदींची तो रोज दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा. तोही मी बंद केला होता. तीन महिन्यांनी मुख्य डिस्क गेली, आणि तीन महिन्यांच्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या. देणगीत आलेली जुनी, पिवळी पडलेली पुस्तकं होती ती. चिक्कडपल्लीहून दोन निवृत्त मास्तर रोज यायचे, भिंग लावून एकेकाचं पहिलं पान वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायची.

समिती बसली. कॉपी कुणी बंद केली?

"मी नाही, जी," ते म्हणाले. "हे मी कधीच बंद करत नसतो."

विश्वास कोण ठेवणार? समोरच्या प्रत्येकाचं नाक मुरडलेलं. अध्यक्ष माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही शेजारी बसता. तुम्ही सांगा."

"कॉम्प्युटरचं सगळं तेच बघायचे," मी म्हणाले.

बघा, एक अक्षर खोटं नाही! हलकटपणा करायचा तर असा करावा. त्याच बैठकीत त्यांचं काम काढून घेतलं.

जाण्याआधी त्यांनी नवी डिस्क बसवून दिली. पिशवी खांद्याला अडकवून दारापर्यंत गेले आणि परत आले. सवयीनं मी खुर्ची मागं सरकवली. ते हळू आवाजात म्हणाले, "कॉपी चालू करून ठेवलीय, ताई. आता बंद नका करू. मास्तरांचे डोळे गेलेत, त्यांना पुन्यांदा वाचणं झेपायचं नाही."

मला वर बघवेना. ते जिना उतरून गेले तरी मी टेबलावरच्या माझ्या धुतल्या हातांकडं बघत बसले होते. इतकी शिसारी मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.