अठ्ठ्याऐंशी नंबरची तुती

माळीकाकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, तुतीच्या झाडांचे नंबर मात्र तोंडपाठ. बागेत देशोदेशीच्या तीनशे जाती ओळीने जपलेल्या होत्या. रेशीमकिड्यांसाठी नवी तुती घडवायची तर या जुन्यांतूनच निवड करायची. काका पान चावून जात ओळखत. लोक हसत, काका चावत राहत.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना बागेच्या मॅडमनी त्यांना बोलावलं. "काका, तपासणीत सत्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी एकच जात निघाली. अठ्ठ्याऐंशी यादीतून काढून टाकू."

बारा वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाच्या धावपळीत काका अठ्ठ्याऐंशीचं पाणी बंद करायला विसरले होते. चार दिवस पाणी साचून राहिलं आणि अख्ख्या ओळीची मुळं कुजली. बोलणी खायला नकोत म्हणून त्यांनी शेजारच्या सत्याऐंशीच्या काड्या गुपचूप तिथे लावल्या. खरी अठ्ठ्याऐंशी आता फक्त त्यांच्या अंगणात होती. त्याआधीच्या छाटणीतली एक काडी त्यांनी वेलाला आधार म्हणून रोवली होती, ती पठ्ठी पुढे फुटली, पण तोवर बागेत सत्याऐंशी रुजली होती.

गप्प बसलं तर इभ्रत राहणार, पण जात कायमची जाणार. रात्री काका भरल्या ताटावरून उठले. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

"आणि मला बारा वर्षं सांगताय, आपोआप उगवलंय म्हणून!" ती कडाडली. "उद्या सकाळी सांगून मोकळे व्हा. नाहीतर मी येते सांगायला."

काकांनी सांगितलं. मॅडम भडकल्या, पण कात्री घेऊन तडक अंगणात आल्या. जुन्या फायलीत अठ्ठ्याऐंशीचं वाळवलेलं पान होतं, त्याच्याशी अंगणातली काडी ताडायला पाठवली. पंधरा दिवसांनी तपासणीचा निकाल आला, जात तीच.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. "ओळ कशाने गेली लिहू?"

"माळ्याच्या चुकीने," काका म्हणाले.

मॅडमनी तसंच लिहिलं. "आणि जात कुणी सांभाळली?"

"मी नाही हो. मला त्या झाडाकडे बघायचीही लाज वाटायची. पाणी घातलं ते आमच्या हिनंच."

मॅडमनी बायकोचं नाव विचारून लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्या रजिस्टरात काकांची पहिली नोंद झाली ती चूक म्हणून. खालच्या ओळीतलं बायकोचं नाव वाचून मात्र त्यांचा ऊर भरून आला, आणि तिला सांगायला ते भरदुपारी सायकल हाणत घरी गेले.